आत्याबाईंचं पथ्य

आमच्या ह्यांच्या आत्याबाईंइतकं दुसऱ्याच्या ताटात डोकावलेलं माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या मुलखात झालं नसेल. नवं माणूस समोर आलं की लोक त्याचा चेहरा पाहतात, कपडे पाहतात, आडनाव विचारतात. आत्याबाई पाहत त्याचं पोट, पायाचे घोटे आणि जीभ. जीभ बाहेर काढायला सांगण्यासाठी ओळख असावी लागते असं त्यांना वाटत नसे. एकदा शहापुरातल्या एका लग्नात पंगतीला मांडे वाढून झाले होते, तूप फिरत होतं, आणि आत्याबाई स्वतः जेवायच्या सोडून पंगतीतून हिंडत होत्या. नवऱ्यामुलाच्या थोरल्या चुलत्यांपाशी त्या थांबल्या, वाकून त्यांच्या पायांकडं पाहिलं आणि त्यांच्या पानातला मांडा उचलून शेजारच्या काटकुळ्या गृहस्थाच्या पानात टाकला. चुलते हात तसाच धरून वर बघत राहिले. "पाय बघा तुमचं, कसं सुजल्यात," आत्याबाई म्हणाल्या. "आमटी खावा. आमटी बरी झाल्या." वरपक्षाचं माणूस, त्यातून वडीलधारं, मुलीच्या बापाला घाम फुटला. पण चुलते मुकाट्यानं आमटी ओरपायला लागले. आत्याबाईंच्या आवाजात असं काहीतरी होतं की माणूस आधी ऐकायचा आणि राग त्याला घरी गेल्यावर यायचा.

माझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण. निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. उंच, हाडापेरानं दणकट, आणि हनुवटीवर चारदोन पांढरे केस. मूल झालं नाही म्हणून यजमानांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्या धाकटीला पोरंबाळं झाली होती. आत्याबाई माहेरी परतल्या नाहीत की वेगळ्या निघाल्या नाहीत. त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःची दुसरी चूल मांडली. एका चुलीवर धाकटी साऱ्या घराचं रांधायची, दुसरीवर आत्याबाई आपलं एकटीचं शिजवायच्या. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. कुणी हळहळायला लागलं तर म्हणायच्या, "सवत आली म्हणून माझं दुखणं गेलं न्हाय काय. ते माझ्यापाशीच ऱ्हायलं. मग म्हटलं, चल बाई, तुझं तूच बघ." आमच्या भागातल्या पुष्कळ बायका ‘मी जातो, मी करतो’ असं बोलतात, तशाच त्याही बोलत. आणि त्यांच्या तोंडी ते फार शोभून दिसे.

त्यांचं पथ्य कुठल्या एका वैद्याचं नव्हतं. थोडं एका म्हाताऱ्या सुईणीकडून ऐकलेलं, दिवस मावळायच्या आत जेवायचं हे शेजारच्या जैनांच्या घरातून उचललेलं, आणि बाकीचं सारं स्वतःच्या अंगावर करून बघितलेलं. साखर नाही, गूळ नाही, पांढरा भात नाही, चहा नाही, दुपारची झोप नाही. जोंधळ्याची नाहीतर नाचण्याची भाकरी, हुलग्याच्या पिठाची पेज म्हणजे माडगं, मेथी, शेपू, कारळ्याची चटणी, पातळ ताक, आणि चालणं. चालण्याचं तर इतकं वेड की निपाणीहून सर्व्हिस मोटारनं बेळगावला येताना त्या गावाबाहेरच मोटार थांबवायला लावत आणि गाठोडं काखेत मारून उरलेली वाट पायी येत. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या आणि चढाला उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे. सगळे वैतागायचे. आत्याबाई मात्र पदर खोचून सगळ्यांच्या पुढं. साखर रेशनवर आली तेव्हा आमच्या गल्लीत सुतक पडल्यासारखं झालं होतं, आणि त्या आमच्या ओसरीवर बसून शांतपणे म्हणाल्या, "ह्या सरकारनं केलेलं हे पहिलंच बरं काम."

त्यांचं सगळंच खरं होतं असं मी म्हणणार नाही. बटाट्यानं माणूस विसरभोळा होतो, असं त्या ठामपणे सांगत. केळं खाऊन लगेच कुणाशी बोललं तर घसा बसतो, हेही त्यांचंच. एकदा सासऱ्यांचं पोट सुटलं म्हणून त्यांना नुसत्या हुलग्यांवर ठेवलं. हुलगे उष्ण, सासऱ्यांना अशी काही उष्णता झाली की कचेरीत खुर्चीवर बसवेना. उभ्यानंच टेबलावर वाकून ते काम करू लागले तेव्हा साहेबानं विचारलं, काय प्रकार आहे. बहिणीला नाव कसं ठेवायचं, म्हणून सासऱ्यांनी "पाठीत लचक भरलीय" असं सांगितलं आणि मग तेवढ्यासाठी आठवडाभर कमरेला पट्टा बांधून हिंडले. आत्याबाईंना हे कळलं तेव्हा त्या जराही वरमल्या नाहीत. "बापयाला सोसत न्हाय," एवढंच म्हणाल्या आणि भावाला सब्जा भिजवून दिला.

मी त्या घरात आले ती कंग्राळीहून. माहेरी भाताची शेती, जेवणात भात नसेल तर ते जेवणच नव्हे असं मानणारी माणसं. लग्न झालं तेव्हा मी अंगानं बरी होते. पुढं वर्षभरात कपडे दाटायला लागले. पाळी दोन-दोन, चार-चार महिने येत नसे. प्रत्येक वेळी घरातल्या बायका डोळ्यांत काहीतरी आशा धरून माझ्याकडं बघायच्या, सासूबाई वाटीत लोणचं काढून ठेवायच्या, आणि मग पाळी यायची ती जायचं नावच घेत नसे. मी मागच्या पडवीत घोंगडीवर बाजूला बसून राही, अंगातलं त्राण गेलेलं, आणि बाहेर सासूबाई लोणच्याची वाटी परत बरणीत रिकामी करत. हनुवटीवर आणि ओठांवर काळे केस यायला लागले. मी पदर तोंडाशी धरून बोलायला शिकले. कॅम्पातल्या एका लेडी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तपासलं, माझं वजन केलं आणि यावर देण्यासारखं औषध आपल्याकडं नाही, वजन उतरलं तर फरक पडेल, असं प्रामाणिकपणे सांगितलं. त्या दिवसांतलं मला दुसरं फारसं काही आठवत नाही. फक्त सकाळी उठल्यापासून दमलेली असायची, एवढं आठवतं.

आत्याबाई आल्या आणि त्यांनी मला बघितलं. आधी येत तेव्हाही पाहायच्या, पण त्या खेपेला हाताला धरून परसात उजेडाला नेलं, तोंडावरचा पदर बाजूला केला, मानेच्या मागं काळी पडलेली कातडी बोटानं घासून बघितली.

"हे मळ न्हवं," त्या म्हणाल्या. "माझं बी असंच हुतं. किती म्हयनं झालं पाळी यून?"

मी सांगितलं.

"भूक लई लागती? जेवून उठलं की परत गोड खावंसं वाटतं?"

हे मला कुणी, अगदी डॉक्टरीणबाईंनीसुद्धा विचारलं नव्हतं. मी मान हलवली आणि मला रडू फुटलं. आत्याबाईंनी रडू दिलं. रडून झाल्यावर म्हणाल्या, "उद्यापासनं माझ्या चुलीवरचं खायाचं. ऐक, आधीच सांगून ठेवतो. लेकराचं मला म्हाईत न्हाय. हुईल, न्हाय हुणार, त्यातलं मला काय कळत न्हाय. तुझं अंग तुझ्या ताब्यात यील, एवढंच सांगतो."

आत्याबाई त्या खेपेला चार महिने राहिल्या, पुढंही येऊन-जाऊन असत, आणि आमच्या स्वयंपाकघरात मग दुसरी चूल आली. सासूबाईंना ती अजिबात रुचली नाही. पण नणंदेसमोर बोलायची त्यांची छाती नव्हती. सकाळी भिजवलेली मेथी चावायची, मग फाटकातून बाहेर पडून किल्ल्याच्या तळ्यापर्यंत चालायचं. आत्याबाई पुढं, मी मागं धापा टाकत. ओळखीचं कुणी भेटलं की त्या थांबायच्या, पण विश्रांतीसाठी नव्हे, जीभ बघायला. परत येऊन भाकरी आणि पालेभाजी. घास मोजून नाही, पण बारीक होईपर्यंत चावायचा. मी भरभर गिळायला लागले की त्या आपलं ताट खाली ठेवून माझ्या जबड्याकडं टक लावून बसत. घरात आंबेमोहोर शिजला की त्याचा वास माझ्या पाठीमागून यायचा आणि मी नाचणी चावत बसायची. एकादशीला सासूबाई साबुदाण्याची खिचडी ढीगभर करत. आत्याबाई त्या परातीकडं बघून म्हणाल्या, "वैनी, हे खाऊन उपास घडला तर मग जेवण म्हणत्यात कशाला?" त्यावर सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत आणि आत्याबाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

दुपारी घर निजलं की आम्ही दोघी परसात बसत असू. त्यांच्याजवळ एक छोटा लोखंडी चिमटा होता. माझं डोकं मांडीवर घेऊन, हनुवटी उन्हाकडं वळवून त्या एकेक केस उपटायच्या. हात मात्र असा हलका की डोळ्यांत पाणी यायच्या आत केस निघालेला असे. सुरुवातीला मी लाजेनं डोळे मिटून घेई. "लाजतीयास कशाला? पीक हाय ते," त्या म्हणत. "उगवलं की काढायचं." हे सगळं कधी संपणार, असं मी एकदा त्यांना विचारलं. त्यांनी हात थांबवला नाही. "संपत न्हाय गं. तू रोज केर काढतीयास, म्हणून दुसऱ्या दिवशी पडायचा ऱ्हातो काय? तसंच हे. कटाळा येणार. मला बी येतो."

मला फार कंटाळा यायचा. एकदा माहेरी गेले आणि आईनं भात वाढला. वाफाळलेला, वर आमटी. मी पोटभर खाल्ला, मग आणखी मागून घेतला, मग खीर खाल्ली. सासरी परतल्यावर आत्याबाईंना तोंड कसं दाखवावं, एवढाच विचार मी वाटभर केला. त्यांनी माझी जीभ बघितली, पोटाला हात लावला. "भात खाल्लास." "व्हय." "चांगला झालता?" मी म्हटलं, लई चांगला झालता. "मग झालं," त्या म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला बसल्या. त्या दिवसापासून त्यांना चोरून मी काही खाल्लं नाही. धाक वाटत होता म्हणून नव्हे. चोरून खाण्यातली मजाच गेली.

हळूहळू कपडे सैल झाले. पाळी यायला लागली. अगदी ठरल्या दिवशी नव्हे, पण महिना-दीड महिन्यानं, आणि आली तशी जायला लागली. मी जिना चढताना मध्ये थांबेनाशी झाले. पण सासूबाईंना हवं होतं ते हे नव्हतं. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले, आणि एक दिवस नंदगडला ह्यांच्यासाठी एक मुलगी बघायला जायचं ठरलं असल्याचं मला धुणं वाळत घालताना कळलं. आमचे हे हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. डबा घेऊन कचेरीत निघून गेले होते. नेमक्या आदल्या दिवशी आत्याबाई निपाणीहून आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाठोड्यात दोन भाकऱ्या बांधल्या आणि "मी बी येतो" म्हणून चपला घालून उभ्या राहिल्या. मी चुलीपाशी बसून होते. माझ्याकडं न बघताच त्या पायरी उतरल्या. आत्याबाईही सासूबाईंच्या बाजूच्या झाल्या, असं मला वाटलं, आणि त्या दिवशी मी चूल पेटवलीच नाही.

नंदगडात काय झालं ते मला सासूबाईंनी संतापून आणि सासऱ्यांनी नंतर हळू आवाजात सांगितलं. ओसरीवर पुरुष मंडळी बसली होती. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन आली. सासूबाईंनी स्वयंपाकाचं, शिवणाचं विचारलं. आत्याबाईंनी पोहे बाजूला सारून गाठोड्यातली भाकरी काढली, एक तुकडा मोडला आणि मुलीला म्हणाल्या, "जीभ काढ बघू." पोरीनं घाबरून काढली. "पाळी येळेवर येती काय गं तुला?"

मुलीचे वडील हळूच म्हणाले, "बाई, असलं बोलणं चार माणसांत करत्यात व्हय?"

"पोरासाठीच दुसरी करायलाय न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या. "मग कामाचं तेवढंच इचारलं. माझं हेच दुखणं हुतं, भाच्याच्या बायकूचं हेच हाय. ही बी तसलीच निघाली तर चौथी बघायला यायचं माझ्यानं आता हुणार न्हाय."

वडील उठून उभे राहिले. बोलणी तिथंच मोडली. सासूबाई खाली मान घालून पायरी उतरल्या, सासरे माफी मागत राहिले. सगळे निघाले आणि पाहिलं तर आत्याबाई नाहीत. त्या मागच्या दारी गोठ्याजवळ उभ्या होत्या आणि मुलीची आई त्यांचा हात घट्ट धरून रडत होती. दसऱ्यापासून पोरीची पाळी आली नव्हती. कुणाला सांगावं हे त्या माउलीला कळत नव्हतं. आत्याबाईंनी भावाला सांगितलं, "तुमी व्हा म्होरं. मला हितं काम हाय." आणि ज्या घरची सोयरीक त्यांनी आत्ताच मोडली होती, त्याच घरात त्या राहिल्या, मुलीच्या आईला माडगं कसं करायचं ते शिकवत.

परतल्या तेव्हा मी परसात होते. गाठोडं टेकवून त्या माझ्याजवळ बसल्या. "पोरगी गुणाची हाय," म्हणाल्या. "तुझ्यासारखंच भाताचं येड हाय तिला." मला हसू आलं आणि मग मी बराच वेळ त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसले. माझ्यासारखी आणखी एक पोर तिकडं नंदगडात नाचणीची भाकरी चावत बसली असेल, या विचारानं मला बरं वाटलं. संध्याकाळी जेवताना ह्यांनी पानातला भात बाजूला सारला आणि माझ्या चुलीवरची भाकरी मागून घेतली. तोंडात घास घोळवत ते आईला म्हणाले, "आता कुठं बघायला जाऊ नका." सासूबाई पुन्हा कुठं गेल्या नाहीत.

मूल मला झालं नाही. पुढं परगावी नोकरीला असलेल्या थोरल्या दिरांची पोरं शिकायला येऊन घरात वाढली, त्यांच्या गडबडीत सासूबाईंचा जीव रमला, आणि लोणच्याची वाटी काढायचं त्या विसरल्या की त्यांनी सोडून दिलं, ते मला ठाऊक नाही. पथ्य मी सोडलं नाही. कधी मोडायची, दुसऱ्या दिवशी परत धरायची.

लढाई संपल्यावरच्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. फार दिवस पडून नव्हत्या. मी निपाणीला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दिवस घातले त्या सकाळी मी आणि धाकटी, आत्याबाईंची सवत, स्वयंपाकघरात बसलो होतो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी पानात ठेवायचं असतं. धाकटीनं मला विचारलं, "थोरलीला काय आवडायचं गं?"

मेथी म्हणावं, तर ती त्यांनी कधी आवडीनं खाल्लेली मला दिसली नव्हती; औषध घ्यावं तशी घेत. माडगं म्हणावं, तर त्याला स्वतःच नाक मुरडत. मी ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं पानाला पान लावून जेवले, कुणाच्या पानात काय असावं हे ज्यांनी मुलखाला सांगितलं, त्यांना काय खावंसं वाटतं हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. धाकटीलाही ठाऊक नव्हतं. चाळीसेक वर्षं दोघींच्या चुली शेजारी-शेजारी जळत होत्या.

धाकटीनं पदरानं तोंड पुसलं. परातीत तांदूळ निवडायला घेतले, पुन्हा खाली ठेवले.

"काय आवडायचं ते न्हाय सांगता येत," ती म्हणाली. "पर तिला भूक लई लागायची. मी सैपाक करत असलो की ती भिंतीकडं तोंड करून बसायची. तेवढं मला म्हाईत हाय."

मग आम्ही दोघींनी मिळून भात टाकला, पुरण शिजवलं, खीर केली, आणि पान भरेपर्यंत वाढत राहिलो.